डावीकडे वळा, पुढे म्हैस

बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढली की माणसांची वर्गवारी करण्याची खोड जडते. वैद्याला माणूस वातप्रकृतीचा किंवा पित्तप्रकृतीचा दिसतो, मास्तरला तो पास किंवा नापास दिसतो. मला दोनच प्रकार दिसतात : कर्जदार आणि जामीनदार. कर्जदार म्हणजे ज्याच्या नावानं ट्रॅक्टर येतो, ज्याच्या कपाळाला टिळा लागतो आणि हार घातलेला ज्याचा फोटो शोरूमवाला भिंतीवर लावतो. जामीनदार म्हणजे जो फॉर्मच्या मागच्या पानावर सही करतो, एक पेढा खातो आणि घरी जाऊन बायकोला काही सांगत नाही.

एकदा ही नजर आली की सगळीकडे तेच दिसू लागतं. लग्नात नवरदेव कर्जदार, मुलीचा बाप जामीनदार. नाटकात नट कर्जदार आणि विंगेतल्या अंधारात पुस्तक धरून बसलेला प्रॉम्प्टर जामीनदार. टाळी पडली तर नटाला, वाक्य पडलं तर प्रॉम्प्टरच्या नावावर. ऑफिसातलं उदाहरण देत नाही. माझं प्रमोशनचं वर्ष आहे. (ते गेली नऊ वर्षं आहे, पण असो.)

मात्र हा भेद इतका स्वच्छ, जमाखर्चाच्या दोन बाजूंसारखा समोरासमोर मी कुठं पाहिला असेल, तर मोटारींच्या रॅलीत. रॅली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरभर माणसं, घोषणा आणि पुरीभाजीची पाकिटं आली असतील, तर तुमचा दोष नाही. आमच्याकडे रॅली म्हणजे तेवढंच. पण दुसरीही एक रॅली असते. तीत मोटारी असतात, घड्याळं असतात आणि पुरीभाजी ज्याची त्यानं घरून आणायची असते.

माझी बदली केदारखेड्याला झाली तेव्हा आमच्या हिनं आधी नकाशा मागितला आणि मग माहेरचा पत्ता लिहून दिला. वास्तविक इतकं घाबरण्यासारखं काही नाही. जालन्याहून भोकरदनच्या एस.टी.त बसावं, राजूरच्या गणपतीला बसमधूनच हात जोडावेत, आणि पूर्णा नदीच्या आसपास कंडक्टरनं ‘केदारखेडा’ म्हणून हाळी दिली की उतरावं. फाट्यावर उतरलं की पहिलं दर्शन घडतं ते मिस्तरींच्या गॅरेजचं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि तालुक्यातली जेवढी म्हणून आजारी यंत्रं असतील तेवढी. ट्रॅक्टर, मोटारसायकली, पाणी उपसायचे पंप, मळणीयंत्र. एकदा मी तिथं शिलाई मशीनही पाहिलं. मिस्तरी कुणाला नाही म्हणत नाहीत. हा गुण गॅरेजला चांगला, खिशाला वाईट.

मिस्तरींना वेगाची हौस आली ती वडिलांकडून. वडिलांना सगळं गाव दादा म्हणतं. दादांनी उमेदीच्या काळात शंकरपटाची जोडी पाळली होती. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात, तो आमच्याकडचा पट. लहानशी हलकी गाडी, दोन बैल, एक हाकणारा, आणि निकाल सेकंदावर. आता पटाच्या जोडीमागे माणसं किती असतात ते मोजा. एक रतीब घालणारा, एक मालिश करणारा, एक रात्री गोठ्यात झोपणारा, एक सुटीच्या रेषेवर बैलांना धरून ठेवणारा, एक पलीकडे जाऊन त्यांना अडवणारा. शिवाय घरची माणसं. त्या घरात पोरांच्या आधी बैलांना दूध मिळालं, असं मिस्तरी आजही सांगतात, आणि तक्रार म्हणून नव्हे, अभिमानानं सांगतात.

पुढं ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून त्या पुन्हा सुरू करायला परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. मुक्या जनावरांच्या हालांचा प्रश्न होता, न्यायालयाला विचार करणं भाग होतं. त्यावर मी कारकुनानं काय बोलावं? मी फक्त तारखांची वजाबाकी केली. साडेसात वर्षं आणि वर महिना-सव्वा महिना. म्हणजे साक्षात साडेसाती, आणि वरचा महिना दंडव्याजाचा. परवानगी आली तोवर दादांचे बैल थकले होते आणि दादा बैलांहून थकले होते. पण बंदी शर्यतीवर येते, हौसेवर येत नाही. ती बापाच्या गोठ्यातून निघून पोराच्या गॅरेजात शिरली.

मिस्तरींनी एक जुनी छोटी चारचाकी भंगाराच्या भावात घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तीत कंपनीचं असं फारसं काही उरलेलं नव्हतं. इंजिन एकीचं, दारं दुसरीची, आणि हॉर्न ट्रकचा. हॉर्न वाजला की लोक ट्रकसाठी बाजूला होत आणि मागून ही चिमुकली बया येताना पाहून चिडत. दादांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली आणि निकाल दिला, “बैल बोलत न्हाई, पण समजतंय त्याला. ही बोलतीय लय, समजत काहीच न्हाई.”

संघ जमला तो असा. चालक म्हणून सव्वीस वर्षांचा एक पोरगा. तो पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून रात्रीची मिरची वाहतो. ज्या माणसानं गाडीभर हिरव्या मिरच्या पाठीशी घेऊन न शिंकता रात्री काढल्या, त्याला रस्त्यातल्या खड्ड्यांचं काय? मिस्तरी यंत्र सांभाळणार. दूधवाला आपला ‘छोटा हत्ती’ घेऊन मागून येणार. त्यात स्टेपन्या, जॅक, डिझेलचे कॅन आणि कॅनमध्ये चहा. (डिझेल नि चहा यांचे कॅन वेगळे ठेवायचे, असा संघाचा एक लेखी नियम होता. तो का करावा लागला ते मी विचारलं नाही.) पंक्चर काढणारा पोरगा चाकं बदलणार. आणि चालकाच्या शेजारी बसून रस्ता नि वेळ सांगायला एक हिशेबी माणूस हवा होता.

“साहेब, तुम्ही बी.कॉम. ना?” मिस्तरींनी काउंटरच्या जाळीतून विचारलं.

बी.कॉम. या पदवीचा उपयोग कुणी विचारावा अशी माझी फार वर्षांची इच्छा होती. मी हो म्हणालो.

नंतर मी या शेजारच्या सीटचा इतिहास वाचला आणि माझ्या लक्षात आलं की जगातल्या फार थोर जामीनदारांच्या पंगतीला मला पाट मिळाला आहे. १ मे १९५५ ला इटलीत हजार मैलांची शर्यत झाली. स्टर्लिंग मॉस या इंग्रजानं ती १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकली. त्याच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा चणीनं लहान, दाढीवाला वार्ताहर बसला होता. त्यानं आधी सगळा रस्ता फिरून वळण नि वळण टिपलं आणि लांबलचक कागदाची गुंडाळी करून एका डबीत बसवली. आमच्याकडे जुन्या पत्रिकांच्या गुंडाळ्या असतात ना, तशी. फरक इतकाच की आमच्या पत्रिकेतलं वळण येईल की नाही सांगता येत नाही. याच्या गुंडाळीतलं येतच होतं. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येईना, म्हणून तो हातानं खुणा करी. मध्ये त्याला उलटी झाली, तीत चष्मा उडून गेला. गड्यानं खिशातून दुसरा चष्मा काढला आणि पुढचं वळण दाखवलं. बरोबर जादा चष्मा ठेवणारा माणूस! मला तर तो जातिवंत कारकूनच वाटला.

आफ्रिकेतली सफारी रॅली १९६५ साली जोगिंदर सिंग यांनी जिंकली. आदल्या वर्षी कारखान्याच्या संघानं दामटवून टाकून दिलेली जुनी व्होल्वो घेऊन त्यांनी ती पुन्हा उभी केली होती. शेजारी भाऊ जसवंत. पुढं युगांडात जन्मलेल्या शेखर मेहता यांनी हीच रॅली पाच वेळा जिंकली, एकदा १९७३ ला आणि मग १९७९ ते १९८२ अशी ओळीनं चार वेळा. त्या चारही वेळा शेजारी माइक डाउटी बसले होते. मेहतांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. डाउटींचं? बघा!

आपल्याकडचंच घ्या. पुण्याचे संजय टकले यांनी जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या वाळूत डकार रॅलीचा जुन्या गाड्यांचा प्रकार, डकार क्लासिक, लँड क्रूझर घेऊन पुरा केला. मराठी माणूस वाळवंटातून गाडीसह परत आला याचा मला मनापासून आनंद झाला. पण माझी नजर बातमीत दुसरं नाव शोधत होती. मॅक्सिम रो नावाचा फ्रेंच गृहस्थ त्यांच्या शेजारी होता. ओळख ना पाळख, तरी मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

२०१९ साली मोटारशर्यतीला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तो गौरव गिल यांना. देशातल्या कितीएक रॅलींत त्यांच्या शेजारी बसलेले कासरगोडचे मुसा शरीफ यांना टाळ्या वाजवण्याचा मान मिळाला असावा. आणि गंमत पाहा, पुरस्काराचं नाव अर्जुन. महाभारतात गाडी कोण हाकत होतं? कृष्ण! तिथं हाकणारा जामीनदार होता आणि मागे बसलेला कर्जदार. म्हणजे हाकणारा असो की रस्ता सांगणारा असो, पुरस्कार दोघांतल्या एकालाच मिळणार, ही व्यवस्था द्वापरयुगापासून ठरलेली आहे.

आमची रॅली यांच्याइतकी जिवावरची नव्हती. तिला वेळ-वेग-अंतर रॅली म्हणतात. जो सगळ्यांत जोरात पळेल तो जिंकेल, असं तिच्यात नसतं. आयोजक एक चार्ट देतात. त्यावर बाण, ठिपके, अंतरं, आणि प्रत्येक टप्प्याचा ठरवून दिलेला सरासरी वेग : इथं ताशी ४०, तिथं २४, पुढं ४८. वाटेत कुठं तरी झाडाआड गुप्त चौकी असते. तिथं तुम्ही नेमक्या सेकंदाला पोचायचं. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचलात तर त्याहून जास्त दंड! हा नियम ऐकून मी क्षणभर गहिवरलो. लवकर येण्याबद्दल जिथं शिक्षा होते अशी संस्था जगात आहे, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली. आमच्या हिला मात्र कमाल वेग ४८ ऐकून निराशा झाली. ती म्हणाली, “एवढ्या वेगानं तर तुम्ही दळण आणायला जाता.”

शेजाऱ्यांना ही सांगत असे, “बावीस वर्षं मी स्कूटरवर मागं बसून रस्ता सांगतेय, तेव्हा ऐकू येत नाही. आता स्वतः शेजारी बसून सांगणार म्हणे.” या विधानात तथ्य आहे. स्कूटरवर मागं बसलेली बायको ही आपल्या देशातली सगळ्यांत अनुभवी आणि सगळ्यांत कमी ऐकली गेलेली नॅव्हिगेटर होय.

आता अडचण अशी की आमच्या नवख्या गटात मोबाईल चालणार नव्हता. तो पाकिटात घालून वर सील मारणार होते. हिशेब तोंडीच करायचा. ही गोष्ट कानावर पडताच गावातले निवृत्त गुरुजी काठी टेकत बँकेत आले. त्यांनी चार्टाचा नमुना डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि तुच्छतेनं हसले.

“हे तर पावकी-निमकीचं काम आहे,” गुरुजी म्हणाले. “ताशी ४० म्हणजे एका किलोमीटरला किती वेळ?”

“दीड मिनिट.”

“मग दिडकी म्हणा. नऊ किलोमीटर? नऊ दिढे साडेतेरा. ४८ म्हणजे सव्वा मिनिट, तिथं सवायकी. २४ म्हणजे अडीच मिनिटं, तिथं अडीचकी. आमच्या पिढीनं छड्या खाऊन पाठ केलं ते याचसाठी. फक्त मोटारी यायला उशीर झाला.”

मी कागदावर पडताळून पाहिलं. तंतोतंत! ज्या पाढ्यांना आम्ही जुन्या काळचं अडगळीचं सामान समजत होतो, त्यावर अख्खी रॅली बसत होती. गुरुजींना स्वतःलाच यायचं होतं, पण त्यांना गाडी लागते. तेव्हा पाढे गुरुजींचे आणि तोंड माझं, अशी वाटणी झाली. पुढचा दीड महिना रोज जेवणाच्या सुटीत ते काउंटरपलीकडे बसून माझी सवायकी घेत. पैसे काढायला आलेली माणसं आदरानं थांबून ऐकत. एका म्हातारबाबांना वाटलं, बँकेनं व्याजाचा नवा दर काढला.

माझ्या बी.कॉम.लाही काम निघालं. गाडीचं अंतरमापक नि आयोजकांचं अंतर कधी जुळत नाही. टायर झिजलेले असले, मापाला लहान-मोठे असले, की काटा खोटं बोलतो. आयोजकांचे १० किलोमीटर म्हणजे आमच्या काट्याचे १० आणि वर ३०० मीटर. म्हणजे हे बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंटच की! ग्राहकाच्या वहीत एक शिल्लक, बँकेच्या वहीत दुसरी, आणि दोघेही शपथेवर खरे. फरकाचं कारण शोधायचं नि पुढं चालायचं. परीक्षेत हा प्रश्न मला वीस मार्कांना आला होता. इथं तो दर वळणाला येणार होता.

एवढं सगळं जमलं आणि पैशाचं जमेना. प्रवेश फी, चार नवे टायर, सुरक्षिततेसाठी पट्टे नि हेल्मेटं, पेट्रोल. वर्गणी काढली. दूधवाल्यानं दिली, गुरुजींनी पेन्शनमधून दिली, मीही दिली (ही रक्कम आमच्या घरात अजून जाहीर झालेली नाही). तरी खड्डा राहिला. तो आठवडा मिस्तरी गप्प होते. ट्रॅक्टर दुरुस्त करताना माणूस गप्प असणं वेगळं आणि हे वेगळं.

सोमवारी अकरा वाजता मिस्तरींच्या बायको बँकेत आल्या. मी त्यांना वहिनी म्हणतो. रुमालाची गाठ सोडून त्यांनी काउंटरवर दोन पाटल्या ठेवल्या.

“साहेब, ह्यावर काय भेटतं बघा.”

“मिस्तरींना माहीत आहे?”

“टायर आल्यावर कळंलच की.”

सोनाराला बोलावलं. पाटल्या घासल्या, तोलल्या, नोंद झाली. मी फॉर्म भरला. ग्राहकाची गुप्तता राखण्याची शपथ असल्यामुळं रक्कम सांगत नाही. इतकंच सांगतो की ती चार टायरांना पुरली आणि वर तीस रुपये उरले. त्या तीस रुपयांची वहिनींनी राजूरच्या गणपतीसाठी दोन नारळांची सोय करायचं ठरवलं आणि नारळवाल्यानं एकच दिला. फॉर्मवर एक रकाना असतो : ‘कर्जाचे कारण’. शेती, शिक्षण, आजारपण असं लोक लिहितात. मी पेन थांबवून त्यांच्याकडं पाहिलं.

“काय लिहू?”

त्यांनी थोडा विचार केला. “घरखर्च लिहा,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या वडलाच्या बैलाचंबी घरखर्चातच धरीत व्हते.”

बावीस वर्षांत मी हजारो फॉर्म भरले. तो रकाना भरताना अक्षर एवढं नीट का काढलं, ते माझं मलाच ठाऊक.

रॅली फेब्रुवारीतल्या एका रविवारी निघाली. मार्ग संभाजीनगरहून फुलंब्री, सिल्लोड, भोकरदन, केदारखेडा, राजूर आणि शेवट जालन्याला. मधून मधून आडवाटा. दर मिनिटाला एक गाडी सोडत. आमचा नंबर सतरा. शेजारच्या गाडीत पुण्याची दोन तरुण मुलं होती. त्यांचं हेल्मेट आमच्या इंजिनापेक्षा महाग असावं. त्यांनी विचारलं, “तुमचा नॅव्हिगेटर कोण?” मी छाती काढून “मी” म्हणालो. त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशातली तीन पेनं पाहिली आणि आदरानं गप्प बसले.

सिल्लोडपर्यंत सगळं पाढ्यावर चाललं. मी ओरडत होतो, “पुढं सातशे मीटर, पूल, मग देऊळ. सात दिढे साडेदहा. आठ सेकंद जास्त झाले, सोड जरा.” पोरगा मुकाट्यानं ऐके. मिरची वाहणाऱ्याला ओरडणाऱ्यांची सवय असते. त्यानंतर भोकरदनच्या अलीकडं एका आडवाटेला मी चार्टावरचं बोट न हलवता म्हणालो, “डावीकडे वळा, दोनशे मीटर, पुढे म्हैस.”

“म्हैस चार्टात हाय का रस्त्यात?” पोरग्यानं विचारलं.

म्हैस रस्त्यात होती. एक नव्हे, अठरा. मागं एक लहान मुलगी काठी घेऊन. ट्रकचा हॉर्न वाजवला. अठरांपैकी एकीनं मान वळवून पाहिलं आणि ती बसली. तिथं आमचं दीड मिनिट गेलं. मग हिशेब केला : ठरलेला वेग ४०, आपण ४८ नं गेलो तर दर किलोमीटरला पंधरा सेकंद वाचतात, नव्वद सेकंदांची थकबाकी सहा किलोमीटरांत फिटेल. सहा समान हप्ते! आयुष्यात प्रथमच मी एका कर्जाचे हप्ते डोळ्यांदेखत फिटताना पाहिले.

सहावा हप्ता फिटला तो केदारखेड्याच्या शिवारात, आणि माझ्या पोटात गोळा आला. फाट्यावर सगळं गाव उभं होतं. डफडं वाजत होतं, हार होते, सरपंचांच्या हातात नारळ होता आणि कुणीतरी चहाचे पेले घेऊन थेट रस्त्याच्या मध्ये उभं होतं. थांबलो तर मेलो, न थांबलो तर गावात राहायचं कसं? पोरग्यानं माझ्याकडं पाहिलं. मी चार्टाकडं पाहिलं. चार्टात गाव होतं, गावकरी नव्हते.

तेवढ्यात गर्दीतून वहिनी पुढं आल्या. पदर खोचलेला. त्यांनी दोन्ही हात आडवे केले आणि अख्खं गाव मागं रेटलं.

“मागं सरा! टाईम चालू हाय त्यांचा! कामून आडवे येता? हार मंग घाला!”

सरपंच मागं सरले. चहा मागं सरला. गाडी त्या दोन आडव्या हातांपुढून ताशी चाळीसनं गेली. हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, बाकी काही नव्हतं. लिंबाखाली बाजेवर दादा डोळे मिटून बसले होते. त्यांनी आम्हांला पाहिलं नाही. इंजिन ऐकलं आणि मान डोलावली.

गावापासून एक किलोमीटरवर बाभळीमागे गुप्त चौकी निघाली. तिथं कॉलेजातला एक मुलगा सकाळपासून उन्हात बसला होता, हातात घड्याळ, मांडीवर वही, शेजारी बिस्किटाचा रिकामा पुडा. त्यानं वेळ लिहिली, सही केली, कार्ड परत दिलं. चार सेकंद उशीर. फक्त चार! फाट्यावर एक हार घातला असता तर दोन मिनिटं गेली असती. मी त्या मुलाला विचारलं, “जेवलास का रे?” तो म्हणाला, “शेवटची गाडी गेल्यावर, काका.” काउंटर बंद झाल्याशिवाय डबा न उघडणारा आणखी एक. मी माझ्या डब्यातली पोळी त्याच्या वहीवर ठेवली. पोळी देण्यात आमचे अकरा सेकंद गेले. ते मी ‘किरकोळ खर्च’ या खात्यात टाकले.

नवख्यांच्या गटात एकोणीस गाड्यांत आम्ही सहावे आलो. रोख बक्षीस पहिल्या तिघांना. आम्हांला प्रमाणपत्र आणि प्रत्येकी एक टोपी मिळाली. प्रत्येकी म्हणजे गाडीत बसलेल्या दोघांना. मिस्तरी, दूधवाला, पंक्चरवाला, गुरुजी हे कागदोपत्री नव्हतेच. माझी टोपी मी गुरुजींना दिली. ते ती घालून पाढे म्हणतात. दोन दिवसांनी पेपरात चौकट आली : केदारखेड्याच्या चालकाची चमकदार कामगिरी. फोटोत पोरगा आणि गाडी. डावीकडे एक कोपर दिसतं. ते माझं.

याचं कुणाला वाईट वाटलं असं नाही. मिस्तरींनी तो फोटो गॅरेजात लावला आणि येईल त्याला दाखवू लागले, “हे बघा, टायर किती सरळ बसलेत.” दूधवाल्याच्या मते फोटोची खरी शोभा म्हणजे मागच्या कोपऱ्यातला त्याच्या छोट्या हत्तीचा आरसा. प्रत्येकानं त्या फोटोत आपापला तुकडा शोधला आणि तो सापडल्यावर माणसं निवांत झाली. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या दानशूर माणसांनी सांचीच्या स्तूपाला दान दिलं आणि त्यांची नावं तिथं दगडावर कोरलेली आहेत. स्तूप रचणाऱ्या बहुतेक कारागिरांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, पण ज्यांनी पदरचं सोडलं त्यांची नावं राहिली. जामीनदारांना दगडावर जागा देणारा असा काळ आमच्याच तालुक्यानं पाहिला आहे. आता पेपरात कोपर येतं. दगडापेक्षा पेपर स्वस्त झाला, त्याला कोण काय करणार?

कर्ज मात्र फिटायला अकरा महिने लागले. कधी दोनशे, कधी पाचशे. सुगीत ट्रॅक्टर जास्त बिघडले तेव्हा एकदम दोन हजार. मिस्तरींना पाटल्यांचं कधी कळलं ते मला माहीत नाही. पण चौथ्या महिन्यापासून पैसे भरायला ते स्वतः येऊ लागले, आणि पावती घडी करून खिशात न ठेवता हातात धरून घरी नेऊ लागले.

शेवटचा हप्ता भरायला दोघं मिळून आली. मी खात्यावर लाल शाईनं ‘बंद’ लिहिलं, तिजोरीतून पुडी आणवली, वजन करून दाखवलं. वहिनींनी पाटल्या हातात घेतल्या, पदरानं पुसल्या, उजेडाकडं धरून पाहिल्या. मिस्तरी भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचत होते. वहिनींनी पाटल्या हातात चढवल्या नाहीत. तशाच काउंटरवर ठेवल्या आणि मला विचारलं,

“साहेब, औंदाची रॅली कवा हाय?”

“पुढच्या महिन्यात,” मी म्हणालो.

त्यांनी कॅलेंडर वाचणाऱ्या नवऱ्याकडं एकदा पाहिलं, पुडीचा कागद सरळ केला आणि विचारलं,

“मंग ह्या घरी नेऊ, का राहू द्यू हितंच?”